न वापरण्यासाठी घडवलेली भांडी

चीनमधल्या हान काळातल्या थडग्यांतून निघालेली एक वस्तू जगातल्या बऱ्याच संग्रहालयांत आहे आणि तिच्यासमोर फारसे कुणी थांबत नाही. वीत-दीड वीत लांबीरुंदीचे, भाजलेल्या मातीचे एक अंगण. चारही बाजूंनी भिंत. आत डुकरीण आडवी पडलेली. एका कोपऱ्यात, भिंतीच्याही वर, कौलारू छपराची छोटी खोली. तिच्याकडे चढत जाणारा अरुंद जिना आणि खोलीच्या तळाला भोक. ती खोली म्हणजे संडास. माणसाचा मैला थेट खालच्या डुकरांच्या गोठ्यात पडायचा आणि गोठ्यातले खत शेतात जायचे. शेतकऱ्याच्या घरातली ही सगळी व्यवस्था कुंभाराने मातीत उतरवली, तिच्यावर हिरवी झिलई चढवली, भट्टीत भाजली. आणि घरच्यांनी ती मृताशेजारी ठेवून थडगे बंद केले.

अशा वस्तूंना चिनी परंपरेत मिंगची म्हणतात. थडग्यात ठेवण्यासाठीच केलेल्या, जिवंत माणसाने कधीही न वापरायच्या वस्तू. हान घराण्याच्या सुमारे चारशे वर्षांत, म्हणजे इ.स.पू. 206 पासून इ.स. 220 पर्यंत, त्यांचा नुसता पूर आला. विहिरी, चुली, कणग्या, जाती, कुत्री, कोंबड्या, बदकांची तळी, कित्येक मजली मनोरे, नर्तकी, वादक. पुढे तांग काळात घोडे आणि उंट आले. आज जगाला ठाऊक आहेत ते हे घोडे आणि चीनच्या पहिल्या सम्राटाची मातीची सेना. लिलावात बोली लागते तीही घोड्यांवर. डुकरांचा गोठा मागेच राहतो.

माझे म्हणणे असे की या वस्तूंचे निरुपयोगी असणे हा जाणूनबुजून घेतलेला नैतिक निर्णय होता. मृताचा मान राखावा, पण त्यासाठी जिवंतांच्या तोंडचे काढून घेऊ नये, त्यांचा जीव तर घेऊच नये, असा तो निर्णय. सम्राटांनी तो मोडला, दरबारी लोकांनी मोडला आणि गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत पुरावस्तूंच्या बाजाराने मोडला. वस्तू आपण काचेच्या कपाटात जपतो. त्यांच्यामागचा विचार मात्र आपल्या बोलण्यात फारसा येत नाही. तो यावा म्हणून हा लेख.

आधी हिरव्या झिलईबद्दल. ती शिशाची असते. शिशाची झिलई कमी आचेवर वितळते, त्यामुळे सरपण कमी लागते आणि रंग ओल्या पानासारखा चमकतो. पण अशा भांड्यात आंबट काही ठेवले की शिसे अन्नात उतरते, आणि शिसे विष आहे. हान काळात ही झिलई मुख्यतः थडग्यांतल्या भांड्यांवरच आढळते. शतकानुशतके दमट मातीत राहिल्याने तिच्यावर चंदेरी पापुद्रे चढतात आणि संग्राहक या चंदेरी छटेवर फार खूश असतात. जे भांडे जेवणाऱ्याला अपाय करील ते न जेवणाऱ्याला दिले गेले, इतकी सरळ ही वाटणी होती. मातीच्या चुलीचेही तेच. तिच्या वरच्या पृष्ठावर मासा, पळी, आकडे असे स्वयंपाकघरातले सगळे साच्यातून उठवलेले असते, वर भांडी बसवलेली असतात, पण त्या चुलीत जाळ कधी पेटत नाही. चांगशाजवळच्या मावांगदुई इथे 1972 मध्ये एका सरदाराच्या पत्नीचे थडगे उघडले गेले. इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या या बाईचा देह आश्चर्यकारकरीत्या टिकून होता. तिच्यासोबत खरे धान्य, खरे रेशीम, लाखेची खरी ताटे-वाट्या होत्या. पैसे मात्र मातीचे होते. टोपल्या भरून मातीची नाणी. घरच्यांनी खरे काय द्यायचे आणि खोटे काय द्यायचे याचा हिशेब केला होता, आणि पैसा खोटा दिला होता.

या हिशेबामागचे तत्त्वज्ञान कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या लीजी या विधिग्रंथात आले आहे. मृताला केवळ मृत मानून वागलो तर आपल्यात माया उरली नाही असे होईल आणि तो जिवंतच आहे असे धरून वागलो तर आपल्याला अक्कल नाही असे होईल, अशी ती अडचण मांडली आहे. या दोहोंच्या मधली वाट म्हणजे अर्धवट वस्तू. मातीचे भांडे असावे पण धुण्यासाठी पाणी धरू नये, वीणेला तारा असाव्यात पण त्या सुरात लावलेल्या नसाव्यात, घंटा असाव्यात पण त्या टांगायची चौकट नसावी. इ.स.पू. तिसऱ्या शतकातला विचारवंत श्युन्झी हीच गोष्ट अधिक रोखठोक सांगतो. मेल्यानंतर माणूस काही भोगत नाही हे त्याला मान्य आहे. तरीही विधी हवा, कारण दुःखाला रूप दिले नाही तर ते माणसाला खाते किंवा तो ते विसरून निगरगट्ट होतो. वस्तूला रूप आहे पण उपयोग नाही, हे त्याच्या दृष्टीने न्यून नव्हते. विधीचा सगळा अर्थ त्यातच होता.

मला हा विचार प्राचीन चीनने जगाला दिलेल्या सर्वांत प्रगल्भ गोष्टींपैकी एक वाटतो. परलोक आहे की नाही या वादात तो पडतच नाही. परलोकावर विश्वास ठेवणाऱ्यालाही आणि न ठेवणाऱ्यालाही तो एकाच विधीत उभे करतो. आपल्याकडे देह सापडला नाही तर दर्भाचा पुतळा करून त्यावर संस्कार करतात. पुतळा म्हणजे तो माणूस नव्हे हे करणाऱ्याला पक्के माहीत असते, आणि तरी हात जोडताना त्याचे डोळे भरून येतात. कन्फ्यूशियसच्या परंपरेलाही गवताचे पुतळे चालत होते. पण हुबेहूब माणसासारखी बाहुली तिला चालत नव्हती. मृताबरोबर पुरण्यासाठी माणसासारख्या बाहुल्या ज्याने पहिल्यांदा केल्या त्याचा वंश बुडो, इतक्या कठोर शब्दांत कन्फ्यूशियसने निषेध केला होता, असे त्याच परंपरेतला विचारवंत मेन्शियस सांगतो.

हा राग का, याचे एक सोपे उत्तर सगळीकडे दिले जाते आणि ते मला पटत नाही. सोपे उत्तर असे की आधी राजांबरोबर खरी माणसे पुरली जात. मग माणुसकी वाढली, माणसांच्या जागी मातीचे पुतळे आले आणि नरबळी थांबला. पहिला भाग खरा आहे. आन्यांग इथे 1976 मध्ये सापडलेल्या शांग घराण्यातल्या राणी फू हाओच्या थडग्यात 16 माणसे बळी दिलेली होती. इ.स.पू. 621 मध्ये छिन राज्याचा राजा मू मरण पावला तेव्हा त्याच्यामागे 177 जणांना जावे लागले अशी इतिहासात नोंद आहे. इ.स.पू. 433 च्या सुमारास पुरलेल्या झंग राज्याच्या सरदार यीच्या थडग्यात 65 काशाच्या घंटांचा अप्रतिम संच मिळाला, त्याचे संगीत आज जगभर ऐकवले जाते. त्याच थडग्यात 21 तरुण बायका आणि मुलींच्या शवपेट्या होत्या. घंटांबद्दल लिहिणाऱ्याने या शवपेट्यांबद्दलही लिहिले पाहिजे असे मला वाटते. मृताबरोबर माणसे पुरण्याची ही प्रथा छिन राज्याने इ.स.पू. 384 मध्ये कायद्याने बंद केली.

पण दुसरा भाग, म्हणजे मातीने माणसाला वाचवले हा, पुराव्याच्या कसोटीला उतरत नाही. पहिला सम्राट छिन श्र ह्वांग इ.स.पू. 210 मध्ये मेला. 1974 मध्ये लिंतोंगजवळ शेतकरी विहीर खणत असताना त्याची सेना सापडली. एकूण पुतळे सात-आठ हजार असावेत असा अंदाज आहे. पुतळे पुरुषभर उंचीचे, पाय भरीव, धड पोकळ, डोकी साच्यात घडवून मग प्रत्येकाचे केस, कान, मिशा हाताने वेगळ्या केलेल्या. मानवी शरीराची इतकी हुबेहूब नक्कल त्याआधी चीनमध्ये झाली नव्हती. सोपे उत्तर खरे असते तर या थडग्यात एकही जिवंत माणूस गेला नसता. प्रत्यक्षात सिमा छ्यान हा इतिहासकार लिहितो की मुले न झालेल्या राण्यांना सम्राटाबरोबर मरायला लावले आणि थडग्याची अंतर्गत रचना ठाऊक असलेल्या कारागिरांना आतच कोंडले. त्या परिसरात मजुरांच्या कबरी सापडल्या आहेत. काहींजवळ फुटक्या कौलांवर त्यांचे नाव-गाव कोरलेले आहे. सर्व काळातली सर्वांत मोठी मातीची सेना आणि खऱ्या माणसांचे मरण, दोन्ही एकाच टेकडीच्या आसपास.

आणखी एक तपशील मला अस्वस्थ करतो. या पुतळ्यांच्या अंगावर ऐंशीहून अधिक कारागिरांची नावे ठसवलेली किंवा कोरलेली आहेत. आज आपण ती कलावंताच्या सहीसारखी वाचतो आणि भारावतो. त्या काळी ती नावे देखरेखीसाठी होती. काम कच्चे निघाले तर शिक्षा कुणाला करायची हे कळावे म्हणून.

पुढची पिढीही फार वेगळी नाही. हान सम्राट जिंग इ.स.पू. 141 मध्ये वारला. शीआनजवळ यांगलिंग इथे त्याच्या थडग्याभोवतीच्या खड्ड्यांत हातभर-दीड हात उंचीचे हजारो पुतळे निघाले. त्यांचे हात लाकडाचे होते, कपडे रेशमाचे. दोन्ही कुजून गेले, म्हणून आज ते नागडे आणि बिनहातांचे दिसतात. चेहरे शांत, ओठांवर हसू. सोबत मातीची डुकरे, शेळ्या, कुत्रे यांच्या रांगा. पाहणाऱ्याला वाटते, किती सौम्य राजा! त्याच परिसरात 1972 मध्ये कैद्यांची दफनभूमी सापडली. गळ्यात लोखंडी कडी, पायांत बेड्या, अशा अवस्थेत टाकलेली हाडे. हे थडगे बांधता बांधता मेलेले कैदी होते. आणि नरबळी छिन किंवा हान काळात कायमचा थांबला म्हणावे तर तेही नाही. मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाबरोबर 1398 मध्ये त्याच्या अनेक उपपत्नींना मरावे लागले, आणि ही पद्धत 1464 मध्ये एका सम्राटाने मरताना मोडून काढली तेव्हा थांबली. मातीच्या पुतळ्यांचा सुवर्णकाळ होऊन गेल्याला तोवर सातशे वर्षे झाली होती.

मग कन्फ्यूशियसच्या रागाचा अर्थ काय? मेन्शियसने तो दाखला कुठे दिला ते पाहावे. तो ल्यांगच्या राजा ह्वीसमोर बसला आहे. राजाच्या मुदपाकखान्यात चरबीदार मांस आहे, तबेल्यात धष्टपुष्ट घोडे आहेत आणि रस्त्यावर माणसे उपासमारीने मरत आहेत. मेन्शियस म्हणतो की ज्याने केवळ माणसाच्या आकाराची वस्तू पुरली त्याला इतका शाप मिळाला, तर जिवंत माणसांना भुकेने मारणाऱ्याचे काय? इथे बाहुली हा मुद्दाच नाही. माणसाकडे साधन म्हणून पाहण्याची सवय हा मुद्दा आहे. बाहुली जितकी हुबेहूब, तितका तो विचार खोल रुजतो की मालकाच्या सोयीसाठी माणसे त्याच्याबरोबर जाणारच. गवताच्या पुतळ्यात ती शक्यता नाही. सुरात न लागलेल्या वीणेत नाही. डुकरांच्या गोठ्यात तर मुळीच नाही. पहिल्या सम्राटाने अर्धवटपणाचे तत्त्व टाकून दिले आणि हुबेहूबपणाचा ध्यास घेतला. त्यासाठी किती जीव गेले याची त्याला पर्वा नव्हती. लोक त्या सेनेला माणुसकीचा विजय म्हणतात तेव्हा मला ते सहन होत नाही.

याउलट उदाहरण आहे ते जिंगच्या वडिलांचे. सम्राट वन इ.स.पू. 157 मध्ये वारला. आपल्या थडग्यात सगळी भांडी मातीचीच ठेवावीत, सोने, चांदी, तांबे, कथील यांनी ती सजवू नयेत, लोकांना त्रास होईल असा मोठा टेकाड रचू नये, अशी त्याची आज्ञा होती. शतकानुशतके लोक त्याचे थडगे भलत्याच टेकडीत शोधत होते. 2021 मध्ये चिनी पुरातत्त्वज्ञांनी जाहीर केले की शीआनजवळच्या ज्यांगत्सुन गावातले, वर कोणताही उंचवटा नसलेले मोठे थडगे हेच त्याचे दफनस्थान, बालिंग. आजूबाजूच्या खड्ड्यांत मातीचे पुतळे निघाले. या राजाचा संयमही पूर्ण नव्हता हे सांगायला हवे. त्याच परिसरात पांडा आणि टेपीर यांसारख्या प्राण्यांची खरी हाडे मिळाली आहेत. तरी एका सम्राटाने मातीपुरते थांबायचे ठरवले होते आणि त्याचे कारण प्रजेचा भार हे दिले होते, एवढे खरे आहे. त्या काळातल्या सत्तेकडून याहून मोठी अपेक्षा कशी करणार?

आता या निरुपयोगी वस्तूंनी आपल्याला काय दिले ते पाहू, कारण या बाबतीत त्यांच्याइतका श्रीमंत ऐवज क्वचित सापडेल. चीनमधली इमारत लाकडाची. हान काळातली एकही लाकडी इमारत आज उभी नाही. सर्वांत जुने टिकलेले लाकडी सभागृह शान्शी प्रांतातल्या नानचान मंदिराचे, इ.स. 782 चे. त्याआधीच्या घरांचे छप्पर कसे पेलले जाई, कोपऱ्यातले एकावर एक रचलेले लाकडी हस्त कसे बाहेर येत, खिडकीची जाळी कशी असे, हे आपल्याला थडग्यांतल्या मातीच्या मनोऱ्यांवरून कळते. हेनान प्रांतातल्या जियाओत्सो भागातले मनोरे कित्येक मजल्यांचे आहेत, मजले सुटे करून पुन्हा रचता येतील असे.

ग्वांगझौमध्ये मिळालेली उत्तर हान काळातली मातीची नाव तर नौकाशास्त्राच्या इतिहासात बदल घडवून गेली. सुमारे अर्धा मीटर लांब. नाळेवर नांगर टांगलेला, मधे खोल्या, आणि मागच्या बाजूला सुकाणू. बाजूला धरून वल्हवायचे वल्हे नव्हे. नावेच्या पाठीमागे मध्यरेषेवर बसवलेले सुकाणू. युरोपात असे सुकाणू पहिल्यांदा दिसते ते बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या चर्चमधल्या कोरीवकामात. हजार वर्षांचा हा फरक कोणत्याही ग्रंथात नोंदलेला नव्हता. तो कुंभाराच्या हातात होता. हेनानमधल्या एका प्रतिकृतीत धान्य उफणायचा पंखा आहे, दांडा हाताने फिरवून वारा घालणारा. हे यंत्र युरोपच्या शेतांवर अठराव्या शतकात रुळले. चांगशातल्या इ.स. 302 च्या थडग्यात घोडेस्वारांचे पुतळे मिळाले. त्यांतल्या काही घोड्यांच्या खोगिराला डाव्या बाजूला एकच छोटी त्रिकोणी रिकीब लोंबते. स्वाराचा पाय तिच्यात नाही. ती फक्त चढण्यापुरती आहे. वीस वर्षांनंतरच्या, नानजिंगजवळच्या इ.स. 322 च्या थडग्यातल्या घोड्याला दोन्ही बाजूंना रिकिबी आहेत. युद्धाचे स्वरूप बदलणारे साधन कसे टप्प्याटप्प्याने आले, त्याची ही नोंद कोणत्याही सेनापतीने ठेवलेली नाही.

आणि माणसे! छंगदूजवळच्या थ्यानह्वी टेकडीवर 1957 मध्ये एका गोष्टी सांगणाऱ्याचा पुतळा मिळाला. पोट सुटलेले, कमरेच्या वर उघडा, डाव्या काखेत छोटा ढोल, उजव्या हातात टिपरी, उजवा पाय हवेत झटकलेला, तोंडभर हसू, कपाळावर आठ्यांच्या रेषा. त्याचा किस्सा ऐन रंगात आला आहे हे दोन हजार वर्षांनी पाहणाऱ्यालाही कळते. राजेरजवाड्यांच्या इतिहासग्रंथात या माणसाला एक ओळही मिळाली नसती. थडगे मात्र घर होते, आणि घरात गोष्ट सांगणारा हवा म्हणून तो आला. थडग्यांतल्या या वस्तूंतच बौद्ध धर्माची चीनमधली पहिली पावलेही उमटली आहेत. तिसऱ्या-चौथ्या शतकात यांगत्से नदीच्या खालच्या खोऱ्यातल्या हिरवट झिलईच्या, थडग्यात ठेवायच्या आत्मकुंभांवर पक्षी, मनोरे यांच्या गर्दीत बुद्धाच्या छोट्या मूर्ती बसलेल्या दिसतात, आणि तांग काळात थडग्याच्या दाराशी उभे राहणारे रागीट रक्षक म्हणजे भारतातून धर्माबरोबर गेलेले लोकपाल.

तांग काळात मात्र मूळ विचाराची दिशा बदलली. आता या वस्तू थडग्यात जाण्याआधी रस्त्यावरून मिरवल्या जाऊ लागल्या. पिवळी, हिरवी, तपकिरी झिलई एकमेकींत ओघळू देणारी तिरंगी पद्धत, तिच्यात मधूनच कोबाल्टचा निळा. इ.स. 723 मध्ये पुरलेल्या श्येन्यू थिंगह्वी या सेनाधिकाऱ्याच्या थडग्यातला उंट पाठीवर गालिचा अंथरून पाच जणांना वाहतो आहे. चार वाजवणारे, मधला नाचणारा, काहींच्या दाढ्या मध्य आशियातल्या. कारागिरी म्हणून ही वस्तू थोर आहे, यात वादच नाही. पण तिचा प्रेक्षक आता मृत राहिला नव्हता. प्रेतयात्रा पाहणारे शेजारी, प्रतिस्पर्धी घराणी, वरिष्ठ अधिकारी हे प्रेक्षक होते. 711 च्या सुमारास थांग शाओ या अधिकाऱ्याने दरबारात तक्रार केली की राजपुत्र आणि अधिकारी अंत्यविधीच्या थाटात एकमेकांवर मात करायला बघतात, जिवंत वाटाव्यात अशा मूर्ती आणि घोडे रस्त्यावर दाखवतात, ही चढाओढ घरे बुडवते आणि आता सामान्य माणसांतही उतरली आहे. सरकारने मर्यादा घातल्या होत्या, त्या 741 मध्ये आणखी कडक केल्या. तिसऱ्या आणि त्यावरच्या श्रेणींच्या अधिकाऱ्यांना 90 ऐवजी 70 वस्तू, नवव्या श्रेणीपर्यंतच्यांना 40 ऐवजी 20, सामान्यांना 15. वस्तू साध्या मातीच्याच असाव्यात असेही फर्मान निघाले. ज्या वस्तूंचा सगळा अर्थ कमीपणात होता त्या सरकारी कायद्याने कमी ठेवाव्या लागल्या, यावरून चढाओढ कुठवर गेली होती ते दिसते. लग्नसमारंभात कर्ज काढून थाट करणाऱ्या समाजाला ही तक्रार परकी वाटू नये.

सोंग काळापासून मातीची जागा हळूहळू कागदाने घेतली. कागदी पैसे, कागदी घरे, कागदी घोडे जाळायचे. ती रीत आजही चिनी समाजात आहे. जाळल्यावर मागे विकण्यासारखे काही उरत नाही, हा मला तिचा मोठा गुण वाटतो. कारण मातीचे काय झाले ते पाहा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात काइफंग ते लोयांग रेल्वे टाकली गेली. लोयांगच्या उत्तरेचे मांगशान डोंगर म्हणजे शतकानुशतकांची दफनभूमी. रूळ टाकताना थडगी फुटली आणि पुतळे बाहेर आले. तोवर चिनी संग्राहकाला थडग्यातली वस्तू घरात ठेवणे अशुभ वाटे. काशाची भांडी आणि पोर्सेलीन ही त्याची आवड. पाश्चात्त्य ग्राहक आले आणि किंमत ठरली. लुओ झन्यू या विद्वानाने 1916 मध्ये या वस्तूंचा सचित्र ग्रंथ काढला, शिकागोच्या बेर्थोल्ड लाउफरने त्याआधीच त्यांवर पुस्तके लिहिली होती. अभ्यास आणि बाजार हातात हात घालून वाढले. डिसेंबर 1989 मध्ये लंडनच्या लिलावात ब्रिटिश रेल्वेच्या पेन्शन फंडाच्या मालकीचा एक तांग घोडा 37 लाख पौंडांवर विकला गेला. मृताला देताना ज्याचे मोल जाणूनबुजून कमी ठेवले त्याला आता निवृत्तिवेतनाच्या गुंतवणुकीचे मोल आले.

बाजाराच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो, आणि तो हलका नाही. किंमत आली म्हणून वस्तू वाचल्या, नाहीतर रेल्वेच्या मजुरांनी त्या फोडून टाकल्या असत्या. संग्रहालयांनी घेतल्या म्हणून जगाला पाहता आल्या. 1910 च्या आसपासपुरते हे थोडेफार खरे धरू. पण किंमत पुढच्या चोरीला बोलावते. बालिंगच्या परिसरातले, सम्राट वनच्या पत्नीचे, म्हणजे सम्राज्ञी दोऊचे मानले गेलेले दफनखड्डे चोरांनी फोडले. त्यातले सहा पुतळे 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात पोचले, ऐनवेळी ते मागे घेतले गेले आणि 2003 मध्ये चीनला परत मिळाले. असे परत येणारे थोडे. चोर सुरुंग लावून किंवा भुयार खणून आत शिरतो तेव्हा त्याला घोडा हवा असतो. डुकरांचा गोठा, कणगी, मातीची नाणी तो पायाखाली तुडवतो, आणि कोणती वस्तू कोणत्या कोनाड्यात, कोणाच्या डोक्याशी किंवा पायाशी होती ही माहिती कायमची जाते. एकटी रिकीब असलेला स्वार लिलावातून आला असता तर त्याचे 302 हे वर्ष आपल्याला कळले नसते, आणि वर्ष नसते तर तो फक्त एक देखणा पुतळा राहिला असता. अमेरिकेने 2009 मध्ये चीनशी करार करून तांग काळापर्यंतच्या पुरावस्तूंच्या आयातीवर बंधने आणली ती याच कारणाने. ती जगभर हवीत असे माझे स्पष्ट मत आहे.

मग थडगी पुरातत्त्वज्ञांनी तरी उघडावीत का? रस्ता, धरण, विमानतळ यांच्या वाटेत येतात ती उघडावी लागतात; यांगलिंगचे खड्डे रस्त्याच्या कामातच सापडले. तिथे 2006 पासून भूमिगत संग्रहालय आहे. पुतळे आणि मातीची जनावरे खड्ड्यातल्या आपल्या जागीच आहेत, पाहणारा काचेवरून चालतो. मला ठाऊक असलेली ही सर्वांत सभ्य व्यवस्था. पण केवळ कुतूहलापोटी खणण्याचे फळ बीजिंगजवळच्या दिंगलिंगने दाखवले. मिंग सम्राट वानलीचे ते थडगे 1956 ते 1958 मध्ये खणले गेले. बाहेर काढलेले रेशीम हवेत कडक होऊन तुकडे झाले. 1966 मध्ये सांस्कृतिक क्रांतीच्या लाल रक्षकांनी सम्राट आणि त्याच्या दोन राण्यांची हाडे भर सभेत जाळली. लिंतोंगच्या सैनिकांवरचा रंगही असाच गेला. हवेचा स्पर्श होताच लाखेचा थर काही मिनिटांत वाळून वळतो आणि रंग घेऊन गळून पडतो. आज करड्या मातीचे दिसणारे सगळे सैनिक कधीकाळी हिरवे, लाल, जांभळे होते.

पहिल्या सम्राटाच्या मुख्य थडग्यावरची टेकडी अजून बंद आहे. वरच्या मातीत पाऱ्याचे प्रमाण वाढलेले मोजले गेले आहे, त्यामुळे आत पाऱ्याच्या नद्या असल्याच्या जुन्या वर्णनाबद्दल उत्सुकता आहे आणि टेकडी उघडा अशी मागणी अधूनमधून होते. चिनी सरकार ती मान्य करत नाही आणि या एका बाबतीत मी पूर्णपणे त्याच्या बाजूने आहे. ज्यांनी ते थडगे बांधले आणि ज्यांना तिथे मरावे लागले त्यांना आपल्या कुतूहलासाठी दुसऱ्यांदा खणून काढायचा हक्क आपल्याला नाही. टेकडी बंदच राहावी. आणि जगातल्या कुठल्याही संग्रहालयात चिनी थडग्यातला घोडा समोर आला, तर त्याच्या खालची पाटी वाचा. तो कोणत्या गावातून, कोणत्या थडग्यातून, कोणत्या वर्षी निघाला हे तिच्यावर नसेल, तर तिथल्या माणसाला तसे विचारा.